अंधारानं झाकलेला अंधार : सृष्टीच्या कवितेतल्या प्रतिमा कशा वाचाव्यात

निसर्गावरची कविता समोर आली की आपली एक घाई होते. झाड दिसलं की 'जीवनाचं प्रतीक', नदी आली की 'काळाचा प्रवाह', सूर्य उगवला की 'आशा'. शाळेत रसग्रहणाच्या गुणांसाठी ही सवय लागते आणि पुढं चाळिशी उलटली तरी सुटत नाही. पुण्यात काव्यवाचनाचे इतके कट्टे आहेत, तिथंही चर्चा सुरू होताच कुणीतरी अर्थ सांगून मोकळं होतं आणि कविता बाजूला राहते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण प्रतिमा वाचणं ही शिकता येणारी गोष्ट आहे. त्यासाठी पंडित असावं लागत नाही. सावकाशपणा मात्र लागतो.

इथं एकच कविता घेऊन आपण पायरीपायरीनं जाऊ: ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९वं सूक्त, म्हणजे नासदीय सूक्त. सातच ऋचा. विषय सृष्टीचा आरंभ, आणि सामान सगळं निसर्गातलं: पाणी, अंधार, श्वास, ऊब, बीज, दोरी. माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. प्रतिमा आधी वस्तू म्हणून डोळ्यांपुढं उभी राहू द्यावी. आणि कवीनं कोणती प्रतिमा घेतली हे पाहताना, कोणती हाताशी असूनही घेतली नाही, तेही पाहावं.

पाठ हाती घ्या

निव्वळ भाषांतरावर काम करू नका. संहिता (मूळ सलग पाठ), पदपाठ (सुट्या शब्दांचा पाठ) आणि एक मराठी भाषांतर, असं तिन्ही शेजारी ठेवा. पदपाठात संधी सोडवलेले असतात, त्यामुळं 'नासदासीन्नो' हे 'न असत् आसीत् नो' असं सुटं दिसतं आणि शाळेत संस्कृत घेतलेल्या माणसालाही बरंच उमगतं. पुण्यात राहणाऱ्याला हे सगळं मिळवणं सोपं आहे. वैदिक संशोधन मंडळानं सायणाचार्यांच्या भाष्यासह ऋग्वेदाची पाच खंडांची आवृत्ती १९३३ ते १९५१ या काळात इथूनच काढली. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचं मराठी भाषांतर जुन्या ग्रंथालयांत सापडतं. १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर संस्थेत ऋग्वेदाची जी ३० हस्तलिखितं आहेत, त्यांची युनेस्कोनं २००७ मध्ये जागतिक स्मृतींच्या यादीत नोंद केली. त्यातलं एक भूर्जपत्रावर, शारदा लिपीत आहे. ती हाताळायची आपल्याला गरज नाही. पण स्वरचिन्हांसह छापलेली प्रत मात्र हवीच. का, ते पुढं येईल.

आधी साधा अर्थ लावून घेऊ, एकही अलंकार न शोधता:

तेव्हा असत् (नसणं; सत् म्हणजे असणं) नव्हतं, सत्‌ही नव्हतं. अंतरिक्ष नव्हतं, त्याच्या पलीकडचं आकाशही नव्हतं. कशानं झाकलं होतं? कुठं? कुणाच्या आसऱ्याला? खोल, अथांग पाणी होतं का? मृत्यू नव्हता, अमरपण नव्हतं, रात्रीची-दिवसाची खूण नव्हती. ते एक, वाऱ्यावाचून, आपल्याच बळावर श्वास घेत होतं. त्यापलीकडे दुसरं काहीच नव्हतं. आरंभी अंधारानं झाकलेला अंधार होता. हे सगळं खूण नसलेलं पाणी होतं. पोकळीनं झाकलेलं, होऊ घातलेलं ते एक, तपाच्या उष्णतेनं जन्माला आलं. मग पहिल्यांदा इच्छा झाली, मनाचं पहिलं बीज. कवींनी हृदयात शोध घेतला आणि असत्‌मध्ये सत्‌चं नातं त्यांना सापडलं. त्यांची दोरी आडवी ताणलेली होती. खाली काय होतं? वर काय होतं? बीज धारण करणारे होते, सामर्थ्यं होती, खाली स्वधा (आपलं स्वतःचं बळ), वर प्रेरणा. खरोखर कोण जाणतं? ही सृष्टी कुठून झाली, इथं कोण सांगेल? देव तर तिच्या नंतरचे. ही जिथून झाली, त्यानं ती धारण केली किंवा केलीही नसेल. परम आकाशात जो हिचा अध्यक्ष, वरून पाहणारा, आहे तो जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल.

मोठ्यानं म्हणा

हे टाळू नका. डोळ्यांनी वाचताना ज्या जागा हातून सुटतात, त्या तोंडानं म्हणताना अडतात, आणि अडलेल्या जागीच बहुधा काहीतरी असतं.

पाचव्या ऋचेत छापील पाठात एक विचित्र गोष्ट दिसेल: 'अधः स्विदासी३दुपरि स्विदासी३त्'. शब्दांच्या मधोमध ३चा आकडा. ही छपाईची चूक समजू नका. तो प्लुत स्वर आहे. तिथला 'ई' तीन मात्रा लांबवायचा. माणूस मनाशी विचार करत, निर्णय न होता प्रश्न विचारतो तेव्हा आवाज असा लांबतो: खाली होतंऽऽ, की वर होतंऽऽ? पाणिनीनं या प्रश्नार्थक प्लुतासाठी नियम दिला, आणि त्यातल्या 'उपरि स्विदासीत्' या तुकड्यासाठी तर अष्टाध्यायीत वेगळं सूत्रच केलं (८.२.१०२): इथला प्लुत अनुदात्त, म्हणजे खालच्या सुरात. पहिला प्रश्न चढ्या स्वरात आणि दुसरा उतरत्या. 'वर होतं का' हे विचारताना आवाज खाली येतो. पुण्यातल्या एखाद्या वेदपाठशाळेत किंवा ओळखीच्या दशग्रंथी (वेद आणि त्याची अंगं मुखोद्गत असलेल्या) पाठकांकडून ही ऋचा जरूर ऐका. जे सांगायला टिपणांची दोन पानं लागतील, ते दोन सेकंदांत कळतं: ही कविता उत्तर पाठ करून आलेल्याची नाही.

वस्तूंची यादी करा

आता पेन्सिल घ्या आणि बोट ठेवता येईल, अंगावर जाणवेल अशा प्रत्येक गोष्टीखाली रेघ ओढा. भावनांचे, तत्त्वज्ञानाचे शब्द तूर्त सोडून द्या. सत्, असत् यांवर लोकांनी ग्रंथ लिहिलेत. ते राहू देत. आपल्या यादीत येईल ते असं: आकाश, पाणी, रात्र-दिवस, वारा नसलेला श्वास, अंधार, उष्णता, बीज, हृदय, दोरी, पुन्हा बीज, पुन्हा आकाश.

प्रत्येकापुढं ते होकारात आलंय, नकारात की प्रश्नात, हे लिहा. इथं कविता उघडायला लागते. आकाश नकारात येतं. रात्र-दिवस नकारात. पहिल्या अर्ध्या ऋचेतच चार नकार आहेत. पाणी पहिल्या ऋचेत प्रश्न म्हणून येतं, 'अम्भः किमासीत्', आणि तिसऱ्या ऋचेत विधान होऊन परततं. पण तिथंही त्याला 'अप्रकेत' म्हटलंय, म्हणजे ज्यावर ओळखीची एकही खूण नाही असं. आणि हाच 'प्रकेत' दुसऱ्या ऋचेत रात्र-दिवसाच्या संदर्भात येऊन गेलाय. म्हणजे कवी पाणी देतो आणि ज्यानं पाणी ओळखावं ते काढून घेतो. श्वासाचंही तेच. 'आनीदवातम्': श्वास चालू होता, वारा नव्हता. श्वास म्हणजे वाऱ्याचीच हालचाल, तीच वजा केली तर मागं काय उरतं? उरतं ते फक्त जिवंतपण.

ही या सूक्ताची मुख्य रीत आहे आणि ती यादी केल्याशिवाय दिसत नाही. ज्या काळी वस्तूच नव्हत्या, त्याबद्दल वस्तूंच्याच भाषेत बोलायचं, तर वस्तू पुढं करून तिचा एकेक गुण काढून घेत जायचं.

वस्तू डोळ्यांपुढं उभी करा

'तम आसीत्तमसा गूळ्हमग्रे.' अंधारानं झाकलेला अंधार. इथं थांबून अनुभव आठवायचा, आणि आठवत नसेल तर जाऊन घ्यायचा. पुणे शहरात खरा अंधार आता मिळत नाही. दिव्यांचा उजेड ढगांवर पडून खाली येतो आणि वेताळ टेकडीवर मध्यरात्रीसुद्धा पायवाट दिसते. पानशेतच्या पलीकडं, धरणाच्या फुगवट्याच्या काठच्या एखाद्या गावी अमावास्येच्या आसपास, ढगाळ रात्री मुक्काम करा आणि सोबत घेऊन, काठापासून सुरक्षित अंतरावर थोडा वेळ दिवा न लावता थांबा. समोर पाणी आहे हे ठाऊक असतं. गारवा येतो, ओल्या चिखलाचा वास येतो. पण पाणी कुठं संपलं, डोंगर कुठं सुरू झाला आणि आकाश कुठं, हे काही केल्या ठरवता येत नाही. एक काळोख दुसऱ्या काळोखाला टेकलेला असतो, आणि त्यांच्यामधली सीमारेषाही काळीच.

यानंतर ती ओळ वाचा. 'अंधार म्हणजे अज्ञान' हे समीकरण मांडावंसं वाटणार नाही. या अंधारात वाईट काही नाही, भीतीही नाही. फक्त एकातून दुसरं वेगळं झालेलं नाही. सृष्टी म्हणजे सीमा पडणं, हा विचार सूक्तात कुठंही शब्दांत सांगितलेला नाही. तो या चित्रातून येतो.

मग तिसऱ्या ऋचेचा उत्तरार्ध पाहा. पोकळीनं झाकलेलं, आत होऊ घातलेलं, उष्णतेनं जन्मणारं. वाचताना अंडं आठवतं, आठवणारच. पण कवितेत अंड्यासाठी शब्द नाही. अशा वेळी टिपणात 'अंडं हे सृष्टीचं प्रतीक आहे' असं लिहू नका. 'झाकण, ऊब आणि जन्म एकत्र आल्यानं उबवणीचा भास होतो' असं लिहा. पहिलं वाक्य कवितेवर लादलेलं आहे. दुसऱ्याला कवितेतला आधार आहे. वाचकाचा प्रामाणिकपणा म्हणजे हाच फरक सांभाळणं.

प्रतिमा, उपमा की प्रतीक?

याच तिसऱ्या ऋचेतल्या 'सलिलम्' या शब्दाशी चौदाव्या शतकातले भाष्यकार सायणाचार्यही थबकले. त्यांनी एक पर्याय असा दिला की ही लुप्तोपमा, म्हणजे 'सारखं' हा शब्द गाळलेली उपमा, मानावी: 'पाण्यासारखं'. दुधात मिसळलेलं पाणी जसं वेगळं ओळखू येत नाही, तसं अंधारात मिसळलेलं जग. खुलासा सुंदर आहे. पण मूळ ओळीत 'इव' ('सारखं') नाही. कवी 'पाण्यासारखं होतं' म्हणत नाही, 'पाणी होतं' म्हणतो. उपमा मानली की आपण सुरक्षित होतो, पाणी केवळ दृष्टान्त उरतो. प्रतिमा मानली तर ते पाणी ओलं राहतं. मी दुसऱ्या बाजूनं आहे, पण तुम्ही दोन्ही वाचनं टिपणात ठेवा.

प्रतीक ही त्याच्यापुढची गोष्ट. एखादी वस्तू कवितेत एकाहून अधिक वेळा, बदलत्या संदर्भात येते आणि प्रत्येक वेळी आपलं वजन वाढवते, तेव्हा ती प्रतीक व्हायला लागते. किंवा अख्खी कविता तिच्याकडं ओढली जाते तेव्हा. हे नीट कळण्यासाठी मराठीतली सर्वांच्या ओळखीची आठ ओळींची कविता घ्या, बालकवींची (१८९०–१९१८) 'औदुंबर'. औदुंबर म्हटलं की दत्त, दत्त म्हटलं की संन्यास, अशी उडी बहुतेक जण मारतात. त्याऐवजी रंग पाहा. हिरवाळी, निळासावळा झरा, हिरवी गर्दी, मग 'पायवाट पांढरी', आणि ती 'हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे'. हिरव्यातून निघालेली वाट काळ्याशी पोचते आणि तिथं झाड बसलेलं आहे, पाण्यात पाय टाकून. झाडाचं गांभीर्य त्या वाटेनं आणि रंगांनी आधीच सिद्ध केलेलं असतं. दत्तसंप्रदायाचा संदर्भ नंतर आला तर येऊ द्या, तो या गांभीर्यात भर घालील. नुसत्या त्याच्यावर कविता उभी नाही.

कवीनं काय टाळलं?

रसग्रहणात ही पायरी जवळजवळ कुणी घेत नाही, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. कवितेच्या शेजारच्या कविता वाचायच्या.

याच दहाव्या मंडलात सृष्टीवर इतरही सूक्तं आहेत. ७२व्यात ब्रह्मणस्पती लोहारासारखा भाता फुंकून सगळं घडवतो, 'कर्मार इवाधमत्'. ८१व्यात विश्वकर्मा येतो आणि कवी सुतारकीचा प्रश्न विचारतो: द्यावापृथिवी, म्हणजे आकाश आणि पृथ्वी, ज्यातून तासून काढली ते लाकूड कोणतं, ते झाड कोणतं? ९०व्यात, पुरुषसूक्तात, एका विराट देहाचे भाग होऊन जग बनतं. १२१व्यात सोन्याचा गर्भ आहे, आणि पहिल्या नऊ ऋचांच्या शेवटी 'कस्मै देवाय हविषा विधेम' हा प्रश्न येत राहतो. दहाव्या ऋचेत प्रजापती हे नाव उत्तर म्हणून मिळतं.

आता कसबा पेठेतल्या तांबट आळीत एक चक्कर मारा. तांब्याच्या पत्र्यावर मठारकाम चाललेलं असतं, हातोडीचा ठोका गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो. कारागीर, त्याचं हत्यार, समोरचं तांबं आणि त्याच्या मनातला हंडा, चारही गोष्टी वेगवेगळ्या दिसतात. सृष्टीसाठी कारागिराची प्रतिमा घेतली की हे चारही आपोआप आत येतात: करणारा आधी होता, माल आधी होता, बेत आधी होता. नासदीय सूक्ताच्या कवीला लोहार-सुतारांच्या प्रतिमा परक्या नव्हत्या. त्या परंपरेतच होत्या. तरी त्यानं हातोडी घेतली नाही, भाताही नाही. ऊब घेतली, बीज घेतलं, इच्छा घेतली, म्हणजे जिथं करणारा आणि होणारं यांच्यात फट दाखवता येत नाही अशाच गोष्टी. शेवटी तो 'कुणी केलं का' हेच विचारणार आहे, त्यामुळं आधीच कारागीर आणून बसवणं त्याला चाललं नसतं.

एकच वस्तू हस्तव्यवसायाच्या जवळची आहे, पाचव्या ऋचेतली आडवी ताणलेली दोरी, 'रश्मि'. बऱ्याच भाषांतरांत ती 'किरण' होते आणि चित्र पुसट होतं. गवंड्याची लाइनदोरी डोळ्यांपुढं आणा: ती ताणली की वर आणि खाली हे पहिल्यांदा ठरतं. त्याच ओळीत लगेच 'खाली होतं का, वर होतं का' हे लांबवलेले प्रश्न येतात, ते यामुळंच. शेजारचंच १३०वं सूक्त चहूकडं तंतूंनी ताणलेल्या यज्ञाच्या, विणकामाच्या प्रतिमेनं सुरू होतं, तेव्हा दोरा हा अर्थ त्या परिसरात बसणाराही आहे. आणि ही दोरी कुणाची? 'एषाम्', यांची. आधीच्या ऋचेत ज्यांनी हृदयात शोध घेतला त्या कवींची, असं वाचायला वाव आहे. मग सृष्टी मोजणारी दोरी आणि कविता रचणाऱ्यांची दोरी एक होते.

अक्षरं मोजा, परत आलेला शब्द पकडा

सूक्ताचा छंद त्रिष्टुभ, चरणाला अकरा अक्षरं. सातवी ऋचा बोटांवर मोजा. पहिला चरण, 'इयं विसृष्टिर्यत आबभूव', अकरा. तिसऱ्यात छापील अक्षरं दहा भरतात, पण 'व्योमन्' हे 'वियोमन्' असं सुटं म्हटलं की अकरा होतात. वैदिक छंदात ही सूट नेहमीची. चौथा, 'सो अङ्ग वेद यदि वा न वेद', बरोबर अकरा. आणि दुसरा? 'यदि वा दधे यदि वा न'. नऊ. इथं सुटं करून म्हणावं असं जोडाक्षरही नाही. 'धारण केली, किंवा नाही' असं म्हणता म्हणता चरण दोन अक्षरं आधी तुटतो. ज्या जागी उत्तर असायला हवं, तिथं खरोखरच जागा मोकळी आहे. ऐकणाऱ्याच्या कानाला अकराची सवय झालेली असते, त्यामुळं ती पोकळी त्याला जाणवते.

शेवटचा धागा 'व्योम' या शब्दाचा. पहिल्या ऋचेत कवीनं निक्षून सांगितलं की तेव्हा पलीकडचं आकाश नव्हतं. सातव्या ऋचेत अध्यक्ष बसलाय तो 'परमे व्योमन्', परम आकाशात. म्हणजे ज्या आसनावरून तो सगळं पाहतो, ते आसनच आरंभी नव्हतं. शेवटच्या 'किंवा तोही जाणत नसेल' या ओळीला लोक कधी नास्तिकपणा म्हणतात, कधी नम्रपणा. मला ती पहिल्या ओळीतून सरळ निघालेली दिसते. आकाश नसताना आकाशातला साक्षीदार कुठून आणणार?

आता लिहा

टिपणं समोर ठेवून एक परिच्छेद लिहा. प्रत्येक विधानाला कवितेतला शब्द जोडलेला असला पाहिजे. उदाहरणार्थ, पाण्याबद्दल असं लिहिता येईल: 'सूक्तात पाणी प्रथम प्रश्न म्हणून येतं आणि तिसऱ्या ऋचेत विधान होतं. पण ते अप्रकेत, खूण नसलेलं आहे. दुसऱ्या ऋचेत रात्र-दिवसाची खूण नाकारताना आलेला प्रकेत हाच शब्द इथं परत येतो. त्यामुळं पाणी हे इथं उगमाचं प्रतीक होतं ते त्याच्या प्रवाहामुळं नव्हे, तर त्यात अजून कशाचीच वेगळी ओळख पडलेली नाही यामुळं.' मोजून चार वाक्यं. 'पाणी हे जीवनाचं प्रतीक आहे' यापेक्षा हे लांब आहे खरं, पण ते फक्त याच कवितेबद्दल खरं आहे, दुसऱ्या कुठल्याही कवितेला चिकटवता येणार नाही. आपलं वाक्य तपासायची ही उत्तम कसोटी: ते उचलून दुसऱ्या कवितेखाली ठेवून पाहा. तिथंही चपखल बसलं तर खोडा.

सरावाला दहाव्या मंडलातलंच १४६वं, अरण्यानीचं सूक्त घ्या. सहा ऋचा. संध्याकाळी रानात राहिलेल्या माणसाला कुणी गाय हाकारतंय, कुणी लाकूड तोडतंय, कुणी ओरडलं, असे भास होतात. 'इव' आणि 'मन्यते' या शब्दांखाली आधी रेघा ओढा, कारण या कवितेत 'सारखं' आणि 'वाटतं' यांनाच सगळी किंमत आहे. मग वरच्याच क्रमानं जा, आणि अरण्यानी देवी कधी झाली, कितव्या ऋचेत, हे शोधा.